एका मोतीबिंदूसाठी दुनळी बंदूक

नवऱ्याच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायला आधी बंदूक लागते, हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं. वैद्यकाच्या पुस्तकात तसं लिहिलेलं नसावं. पण पुस्तकं लिहिणाऱ्यांनी माझ्या नवऱ्याला पाहिलेलं नाही.

फाउस्तीनो कोरीवकाम करणारा. इटलीतल्या आमच्या त्रोम्पिया खोऱ्यात निम्मी माणसं बंदुका बनवतात आणि उरलेली निम्मी त्या कशा बनवायला हव्या होत्या ते सांगतात. फाउस्तीनोने चाळीस वर्षं बंदुकीच्या पोलादावर ससे, शिकारी कुत्रे, ओकची पानं आणि तितरं कोरली. आता त्याला सगळीकडे दूध सांडल्यासारखं दिसायचं. कॉफीत तो मीठ घालायचा आणि मुकाट्याने प्यायचा, म्हणजे मला कळू नये. एका रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवरून माझा म्हणून औषधवाल्याच्या बायकोचा हात धरून निघाला. कारंज्यापर्यंत गेला. ती बाईही कारंज्यापर्यंत काही बोलली नाही, हे मी लक्षात ठेवलं आहे. राग नाही. फक्त लक्षात ठेवलं आहे.

डॉक्टर म्हणत होते, अर्ध्या तासाचं काम. आधी एक डोळा, महिन्याने दुसरा. पण फाउस्तीनो ऐकेना.

"हात कधी घसरतो ते मला विचार," तो म्हणायचा. "चाळीस वर्षं छिन्नी धरली मी. सकाळी बायकोशी भांडण झालं की घसरतो. खिडकीवर माशी बसली की घसरतो. त्या डॉक्टरच्या खिडकीवर माशी बसणार नाही कशावरून? पोलाद असलं तर घासून पुन्हा कोरता येतं, एर्सीलिया. डोळा कसा घासणार?"

मी पडले हळू बोलणारी. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, आवाज चढवलेला नाही. रोज सकाळी मिस्सा, संध्याकाळी जपमाळ, शुक्रवारी मांसाशिवाय जेवण, आणि नाताळच्या आधीच्या आगमनकाळात साखर बंद. खोटं बोलायचं नाही हे मात्र बारमाही. डोळ्यांची राखणदार संत लुचिया. तिच्यापुढे मी वर्षभर मेणबत्त्या लावल्या. फाउस्तीनो म्हणाला, "मेणबत्ती लागलेली तेवढी दिसते बघ मला." त्यालाच मी गुण आला म्हणायचं.

मग ईस्टरनंतर चर्चच्या जेवणावळीत घोटाळा झाला. शिगेवर मांस फिरत होतं, मक्याच्या पिठाचा पोलेंता घोटला जात होता, फाउस्तीनोचे दोन पेले झाले होते. फादर तार्चीसियोंनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय हो, डोळ्यांचं कधी करताय?"

फाउस्तीनो उभाच राहिला. "ज्या दिवशी माझ्या बापाची तितरवाली दुनळी माझ्या स्वयंपाकघरात परत येईल, त्याच्या दुसऱ्या दिवशी डोळा कापून घेईन. शब्द!"

टाळ्या पडल्या. ती बंदूक त्याच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने बनवलेली. तिच्यावरचं तितर हे एकोणिसाव्या वर्षी फाउस्तीनोने केलेलं पहिलं काम. शिकारीला आलेल्या एका इंग्रजाने ती विकत घेतली आणि अर्ध्या शतकापूर्वी ती समुद्रापार गेली. म्हणजे नदी उलटी वाहील तेव्हा बघू, असं म्हणण्यासारखंच होतं. तो निर्धास्त बसला आणि तिसरा पेला भरला.

त्याने एक गोष्ट हिशेबात धरली नव्हती. ती म्हणजे खालच्या मजल्यावरचा बात्तिस्ता.

बात्तिस्ताने जन्मभर बंदुकीच्या नळ्या तपासल्या. निवृत्त झाल्यावर लोक फुटबॉल बघतात, तसा तो इंटरनेटवर जुन्या बंदुकांचे लिलाव बघतो. घेत कधीच काही नाही. नुसता ओरडतो. "अरे गाढवा, नळीला पोचा आहे, दिसत नाही का?" असं तो लंडनमधल्या माणसाला आमच्या जिन्यापर्यंत ऐकू येईल असं सांगतो. सप्टेंबरातल्या एका दुपारी तो सपाता घालूनच धावत वर आला.

"एर्सीलिया! आली! बापाची आली!"

टॅब्लेटवर इंग्लंडमधल्या लिलावाची यादी होती. आमच्या खोऱ्यातली जुनी दुनळी, बाजूच्या पट्टीवर गवतात उभं असलेलं तितर. फोटो जरा धूसर होता. बात्तिस्ता म्हणाला, हीच. त्याची बायको ओर्नेला म्हणाली, हीच. पाववाला जाकोमो पिठाच्या हातांनी आला, त्याने फोटो मोठा करायला जाऊन पडदा पांढरा केला आणि म्हणाला, शंभर टक्के हीच. फादर तार्चीसियोंचा तर ती विकली गेली तेव्हा जन्मही झाला नव्हता, तेही म्हणाले, हीच. ती नक्की ओळखू शकेल असा माणूस खोऱ्यात एकच होता. त्याच्या नाकाला मी टॅब्लेट लावला.

"छान आहे," फाउस्तीनो म्हणाला. "पांढरा आहे."

मग त्याला सगळं उमगलं आणि तोही तसाच पांढरा पडला. "इंटरनेटवर सगळं खोटं असतं," तो पुटपुटला आणि आत जाऊन झोपला. दुपारी तीन वाजता.

लिलाव डिसेंबरात होता. पण बंदूक घ्यायची तर परवाना हवा, आणि फाउस्तीनोचा डोळ्यांमुळे केव्हाच रद्द झालेला. तेव्हा परवाना माझ्या नावाने. फाउस्तीनोला हे कळलं तेव्हा तो बऱ्याच दिवसांनी हसला. मला ते हसणं आवडलं नाही.

आधी डॉक्टर बोनोमेत्तींचा दाखला. मनाने मी ठीक आहे असं त्यांनी लिहून द्यायचं. आम्ही एका शाळेतले, मला ते लहानपणापासून ओळखतात. तरी चष्मा लावून छापील प्रश्न विचारू लागले.

"राग येतो?"

"औषधवाल्याच्या बायकोचा आला होता. सोडून दिला."

"कुणाचे आवाज ऐकू येतात?"

"फक्त बात्तिस्ताचा."

"एकटं असताना कुणाशी बोलता?"

"देवाशी."

"ते सगळेच बोलतात. तो काही उत्तर देतो का?"

इथे कुणीही शहाणी बाई नाही म्हणाली असती. पण खोटं कसं बोलायचं? मी जरा विचार केला आणि म्हटलं, "कधीकधी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग आमची बरीच धर्मचर्चा झाली. शेवटी ठरलं, की फादर तार्चीसियोंनी लिहून द्यावं, की देवाने उत्तर देणं हे आमच्यात चालतं. फादरनी लिहून दिलं. वर स्वतःच्या हाताने जोडलं, "मला मात्र अजून दिलेलं नाही." हे जोडायची काही गरज नव्हती.

पुढे बंदूक हाताळायची परीक्षा. नेमबाजीच्या मैदानावर मातीची तबकडी हवेत उडते आणि ती फोडायची. तबकडी उडवायला माणूस नसतो, समोर मायक्रोफोन असतो. आपण ओरडलं की ती सुटते. शिकवणारे गृहस्थ म्हणाले, "खांद्याला घट्ट लावा बाई, आणि द्या हाक."

मी हाक दिली. काही झालं नाही. पुन्हा दिली.

"अहो बाई, कानात सांगताय का त्याला?"

तिसऱ्यांदा मी माझ्या मते चांगलीच ओरडले. तबकडी हलली नाही. तेवढ्यात शेजारच्या रांगेतला एक मिशीवाला शिंकला आणि माझी तबकडी सुटली. मी दचकले, बोट ओढलं गेलं आणि तबकडीचा चुरा झाला. पुढची मिशीवाल्याच्या खोकल्यावर सुटली, तीही फुटली. शेवटी शिकवणाऱ्यांनी त्याला माझ्या मागे उभं केलं आणि तो माझ्या वतीने ओरडत राहिला. मी पास झाले. दाखल्यावर "नेम उत्तम" असं आहे. आवाजाबद्दल त्यात रकाना नाही, देवाची कृपा.

मग घोडं अडलं ते चौकीत. आमच्याकडे नियम असा, की घरात बंदूक येणार असेल तर घरातल्या माणसाला आधी कळवायचं. चौकीचे प्रमुख मार्शल काफारेल्ली सिसिलीचे. माणूस अदबशीर. त्यांनी फाउस्तीनोला बोलावलं आणि विचारलं, "आपली काही हरकत?"

संधी समोर चालून आली होती. फाउस्तीनोने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"हरकत म्हणजे... साहेब, एक्केचाळीस वर्षं झाली. ही बाई एकदाही माझ्यावर ओरडलेली नाही."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं? तुम्ही लग्न झालेले ना? मग विचार करा. एवढं सगळं जातं कुठे? साठतच असणार ना कुठेतरी! आणि आता तिच्या हातात दुनळी देणार?"

मार्शलनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तेही त्यांना वेगळंच वाटलं असावं, कारण त्यांनी खुर्ची जराशी मागे घेतली. ज्या स्वभावासाठी आई मला शाबासकी द्यायची, तो सरकारी खात्यात संशयास्पद ठरला. मला इतकं लागलं, की त्या दिवशी मी जपमाळेचे मणी दोनदा चुकले.

पण घरी येताना पुलावर फाउस्तीनो थांबला. माझा हात शोधला. या खेपेला माझाच मिळाला. "एर्सीलिया," तो म्हणाला, "मला भीती वाटते गं." एवढंच बोलला आणि चालू लागला. तेव्हाच मी ठरवलं, की ही बंदूक मिळवायचीच. आता काही ती अटीची गोष्ट उरली नव्हती. भ्यालेल्या माणसाला मागे फिरायला जागा ठेवली की तो फिरतोच. ती जागा मला बुजवायची होती.

मार्शलनी खोऱ्यात चौकशी केली. माझ्याविरुद्ध एकच माहिती मिळाली, की मी चर्चमध्ये पुढच्या बाकाची जागा सोडत नाही. परवाना आला.

आता माझी चूक सांगते. ही चूक आमच्या खोऱ्यातच होऊ शकते. संत लुचियाच्या सणाआधी नऊ दिवस आम्ही बायका समोरच्या सान्तीनाच्या घरी जपमाळेला बसतो. सुरू करण्याआधी प्रत्येकीने आपलं मागणं मोठ्याने सांगायचं, म्हणजे बाकीच्याही त्यासाठी प्रार्थना करतात. कुणी सुनेसाठी मागतं, कुणी गुडघ्यासाठी. "नेहमीचंच," असं म्हणून मलाही सुटता आलं असतं. पण ते खोटं झालं असतं. मी सांगितलं, "इंग्लंडच्या लिलावात तितरवाली बंदूक मिळू दे." आणि सान्तीनाने खोदून विचारलं म्हणून दिवस आणि वेळही सांगितली.

बायकांनी मनापासून प्रार्थना केली. मग घरी जाऊन नवऱ्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या जिन्यात माणूस मावेना. एक म्हणाला, सुरुवातीला बोली लावू नका, शेवटी लावा. दुसरा म्हणाला, पहिलीच अशी दणकट लावा की बाकीचे घाबरतील. जाकोमोच्या मते इंग्रज चहाच्या वेळेला ढिला पडतो. ओर्नेलाच्या आईने संत लुचियाची तसबीर तोंड भिंतीकडे करून ठेवायला सांगितली. काम झाल्याशिवाय वळवायची नाही. मला हे पटलं नाही. ज्या संताच्या हाती डोळे आहेत, तिलाच भिंत बघायला लावायची?

लिलावाच्या दिवशी सगळे माझ्या स्वयंपाकघरात जमणार होते. मी दोन भांडी कॉफी केली. पण ऐन वेळी बात्तिस्ताच्या पोटात दुखू लागलं. सान्तीनाला अर्धशिशी. जाकोमोची भट्टी बिघडली. फादर तार्चीसियोंना अचानक कुणाचा तरी कबुलीजबाब ऐकायचा होता. मी भोळी. मी सगळ्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना केली.

राहिलो आम्ही दोघं. फाउस्तीनो हात मांडीवर ठेवून, कोर्टात बसावं तसा बसला होता. टॅब्लेटमधला इंग्रज भराभर बोलत होता. आमची बंदूक आली. मी हिरवं बटण दाबलं. लगेच कुणीतरी वर चढलं. मी पुन्हा दाबलं. पुन्हा कुणीतरी चढलं. या साध्या बंदुकीला एवढी गिऱ्हाइकं? तो इंग्रजही चकित झाला असावा, चष्मा पुसू लागला.

माझी ठरवलेली मर्यादा जवळ आली. नव्या गॅसच्या शेगडीचे पैसेही मी मनातल्या मनात घालून टाकले. आणि मग माझ्या लक्षात आलं. मी बटण दाबलं की खालून खुर्ची सरकल्याचा आवाज येत होता. पाठोपाठ समोरच्या खिडकीत सान्तीनाचा निळसर उजेडातला चेहरा पुढे वाकत होता. मग बेकरीतून जाकोमोचा आवाज, "हाण, हाण! तो इंग्रज दमतोय!"

इंग्रज कुठला दमायला! सगळे आपापल्या घरी बसून फाउस्तीनोला बंदूक भेट द्यायला निघाले होते. प्रत्येकाला वाटत होतं, समोरचा परका आहे. चांगुलपणाने आम्ही एकमेकांना लुबाडत होतो.

मी बाल्कनीत गेले. काय झालं ते माझं मलाच नीट सांगता येत नाही. मी कठड्यावरून वाकले.

"बात्तिस्ता! सान्तीना! जाकोमो! मेल्यांनो, हात खाली घ्या! ती मी आहे!"

चौकातली कबुतरं उडाली. कुणाच्या तरी घरात बशी फुटली. वरच्या रस्त्यावर एक मोटार थांबली. खालून बात्तिस्ताचा बारीक आवाज आला, "ही एर्सीलिया होती?" ओर्नेला म्हणाली, "छे! काहीतरी बोलू नकोस."

फादर तार्चीसियोंच्या खिडकीतला टॅब्लेटही बंद झाला.

मी परत आले तेव्हा हातोडा पडून गेला होता. मी उठले तेव्हा खिडकीत सान्तीनाच पुढे वाकलेली होती. सगळे थांबल्यावर शेवटची बोली तिचीच राहिली असणार, म्हणजे बंदूक गेली सान्तीनाला, आणि तिच्याकडे परवाना म्हणून फक्त स्कूटरचा. मी खुर्चीत बसले. मग पाहिलं, तर आमच्या पडद्यावर अभिनंदन लिहिलं होतं. फाउस्तीनोचं बोट अजून काचेवर होतं.

"त्या ओरडणाऱ्या इंग्रजाला बंद करत होतो," तो म्हणाला. "हिरवं तेवढं दिसतं मला."

मी विचारलं नाही. खरं बोलायचं व्रत माझं आहे, त्याचं नाही.

बंदूक यायला वसंत उजाडला. मध्ये ती सीमाशुल्कवाल्यांकडे अडकली, कारण कागदावर "तितरासहित" असं भाषांतर झालं होतं आणि पशुवैद्याचा दाखला नव्हता. शेवटी मी ती खोऱ्यातल्या बंदुकांच्या दुकानातून ताब्यात घेतली, चौकीत नोंदवली. मार्शलनी माझ्याशी फार हळू आवाजात बोलून सही घेतली. बाल्कनीची गोष्ट तिथवर गेली होती.

स्वयंपाकघर भरून गेलं. दारात, जिन्यात, खिडकीत माणसं. मी बंदूक टेबलावर ठेवली. फाउस्तीनोने पट्टीवर अंगठा फिरवला. तितराच्या डोक्यावरून, पंखावरून, खाली गवतावर. तिथे अंगठा थांबला. फारच वेळ थांबला.

"हीच," तो म्हणाला. "हीच रे माझ्या बापाची."

जाकोमो रडला. बात्तिस्ता म्हणाला, "मी सांगितलं नव्हतं?" दुसऱ्या दिवशी, दिलेल्या शब्दाप्रमाणे, आम्ही ब्रेशा शहरातल्या रुग्णालयात गेलो. तयारीला थोडे दिवस लागले, कारण रुग्णालयात शब्दावर नव्हे, रक्ततपासणीवर काम चालतं. फाउस्तीनोने आत जाताना डॉक्टरला एवढंच विचारलं, "सकाळी बायकोशी भांडण वगैरे?" डॉक्टरीणबाई हसल्या. "माझं लग्नच झालेलं नाही." तेवढ्यावर तो आत गेला.

पट्टी निघाल्यावर घरी येऊन त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "म्हातारी झालीस," असं म्हणाला आणि माझ्या गालावर हात ठेवला. मग खिडकीपाशी गेला, जुनं भिंग डोळ्याला लावलं आणि बंदूक उजेडात धरली. मी कॉफी केली. ती निवली. तो बघतच होता.

"एर्सीलिया, दार लाव."

मी लावलं.

"ही माझ्या बापाची नाही."

मी दाराला कडीही घातली.

"हे बोर्तोलोचं काम. पलीकडच्या कारखान्यातला बोर्तोलो. त्याला तितराचे पाय जन्मात जमले नाहीत, म्हणून तो सगळी तितरं गवतात उभी करायचा. बघ, केवढं गवत! इथे गाय चरेल."

"तुला आज कळलं?"

"आज कशाला? त्याच दिवशी कळलं, अंगठ्याला. माझ्या तितराला पाय आहेत."

"मग हीच म्हणालास ते?"

फाउस्तीनोने भिंग काढलं, रुमालाने पुसलं. "सगळं खोरं दारात उभं होतं. तू माझ्यासमोर होतीस. मला दिसत नव्हतीस, पण तू श्वास घेत नव्हतीस, ते मला ऐकू येत होतं. भीती होतीच. पण म्हटलं, ही बाई बाल्कनीत जाऊन ओरडू शकते, तर मी नुसतं आडवं पडायचं आहे."

मी निवलेली कॉफी त्याच्यापुढे सरकवली. मग वाटलं, आता हा म्हणेल, खरी अट अजून बाकी आहे, दुसरा डोळा राहू दे. मी तयारीत बसले.

फाउस्तीनोने बंदूक पुन्हा उजेडाकडे वळवली. आधी चांगला डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा मिटून.

"अरे देवा, काय हे पंख! एका डोळ्याने एवढं वाईट दिसतंय, तर दोन्हींनी किती वाईट दिसत असेल! बोर्तोलो जिवंत आहे का गं अजून? असेल तर मला त्याला भेटायचंय." तो उठला. "त्या रुग्णालयाला फोन लाव. दुसऱ्याची तारीख लवकरची मिळते का विचारू."

मी चष्मा शोधायला लागले. तोवर तो फ्रिजपाशी जाऊन उभा राहिला होता, आणि रुग्णालयाच्या कागदावरचा तो मुंगीएवढा नंबर एकेक आकडा मोठ्याने वाचत होता.